अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि आतड्यातील जिवाणू : कारण, परिणाम की दोन्ही?

अंत्रुजकरीण

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्याला शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली. प्रथम मूळव्याध, नंतर अमिबा असे समजून औषधोपचार झाले. उतार पडेना, तेव्हा कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी करण्यात आली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होऊन व्रण पडण्याच्या विकाराचे, निदान झाले. विकार मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूपुरता मर्यादित असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून मेसालामाईन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणि रात्री निजताना त्याच औषधाचा एनिमा चालू आहे. रक्त थांबले आहे. शौचाची घाई मात्र पूर्णपणे गेलेली नाही.

माझा गोंधळ असा की, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटल्यामुळे हा विकार होतो, तर पुण्याचे आमचे एक नातलग ठामपणे सांगतात की मूळ कारण आतड्यातील जिवाणूंचा बिघाड हे आहे आणि तो सुधारला की गोळ्यांची गरजच उरत नाही. घरपोच नमुना गोळा करून जिवाणूंची संपूर्ण यादी देणारी विष्ठातपासणी आम्ही करून घ्यावी आणि त्यानुसार प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू असलेले औषध, सुरू करावे, असा त्यांचा आग्रह आहे. निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराविषयीही त्यांनी काही मजकूर पाठवला.

घरात सकाळची पेज, दुपारी हुमण (माशांची आमटी) आणि भात, कधी पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) असा साधा आहार असतो. कोणी म्हणते चोथा पूर्ण बंद करा, कोणी म्हणते चोथ्यावरच चांगले जिवाणू जगतात. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कार्यकारणभाव समजल्याशिवाय मला एखादी गोष्ट स्वीकारता येत नाही. चमत्काराचे अनुभव नकोत. जिवाणू हे या विकाराचे कारण आहेत की परिणाम, आणि त्या उत्तराने आमच्या उपचारात काही फरक पडतो का, एवढे कोणी नीट समजावून सांगितले तर मी ऋणी राहीन.

बार्देसकर

ताई, मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. मी वैद्य नव्हे. औषधांविषयी जाणकार लिहितीलच. मी केवळ तुमच्या कार्यकारणभावाच्या प्रश्नाविषयी लिहितो, आणि ते थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

जिवाणूंमुळे होणारा रोग म्हटले की एक रोग आणि त्याचा एक जंतू अशी जोडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. जठराच्या अल्सरच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांना १९८२च्या सुमारास नेमकी अशी जोडी सापडली आणि हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या त्या शोधाला २००५ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. क्रोन्स या तुमच्या मुलाच्या विकाराच्या भावंडासाठीही, म्हणजे लहान आतड्यासह आतड्याच्या कोणत्याही भागात होऊ शकणाऱ्या दाहाच्या विकारासाठीही, असा एकच गुन्हेगार पुष्कळ शोधला गेला. गुरांना जुनाट जुलाबाचा रोग करणारा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक मायकोबॅक्टेरियम त्यासाठी संशयित ठरला होता. ऑस्ट्रेलियात त्याच्याविरुद्ध तीन प्रतिजैविके एकत्र करून तब्बल दोन वर्षे देऊन पाहिली. २००७ साली निष्कर्ष आले. सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा फरक दिसला होता, पण तो टिकला नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बाबतीतही असा एकटा जंतू हाती लागलेला नाही.

यावरून जिवाणू निर्दोष ठरतात असे मात्र नाही. त्यांच्याविरुद्धचा पुरावा वेगळ्या जातीचा आणि माझ्या मते फार भक्कम आहे. इंटरल्युकिन-१० हे दाह आवरणारे रेणू ज्यांना तयार करता येत नाही असे उंदीर १९९३ साली निर्माण करण्यात आले. त्यांच्या आतड्याला आपोआप दाह होतो. परंतु तेच उंदीर पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवले तर त्यांना कोलायटिस होत नाही. जनुकातील दोष तोच, प्रतिकारशक्ती तीच, फक्त जिवाणू नाहीत, आणि रोगही नाही. माणसांतील पुरावा बेल्जियममधून आला. क्रोन्सच्या रुग्णांचे रोगट आतडे कापून जोडल्यानंतर अन्नाचा आणि विष्ठेचा प्रवाह काही काळ त्या जोडापासून दूर वळवला, तेव्हा तिथे दाह परतला नाही. प्रवाह पूर्ववत करताच तो परतला. त्याच गटाने १९९८ साली तीन रुग्णांत आतड्यातील द्रव त्या विसावलेल्या भागात सोडून पाहिला, तर आठ दिवसांतच दाहाच्या पहिल्या खुणा उमटल्या. अर्थात त्या द्रवात जिवाणूंखेरीज अन्नाचे अंश आणि पित्तही असते, हे विसरता कामा नये.

तिसरा धागा जनुकांचा. क्रोन्सशी जोडलेले पहिले जनुक, नॉड-२, २००१ साली सापडले आणि त्याचे काम जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणे हे आहे. २०१२ पर्यंत दोन्ही विकारांशी निगडित असलेल्या जनुकीय जागा १६३ वर गेल्या आणि त्यांतील कितीतरी सूक्ष्मजीवांशी शरीर कसे वागते याच्याशी संबंधित निघाल्या. येथे एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. युरोपीय रुग्णांत आढळणारे नॉड-२ मधील ते ठरावीक बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ आढळतच नाहीत, तरीही विकार आपल्याकडे आहे. शिवाय एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असला तरी बहुतेक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. तेव्हा सगळा भार जनुकांवर टाकता येत नाही.

आता जिवाणू दोषी असतील तर ते आपल्या सर्वांच्याच पोटात असतात, मग आजारी थोडेच का पडतात? आपल्या खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, विचार करा. बांधापलीकडचे खारे पाणी शत्रू नव्हे. मानशीतून (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारातून) बेताने आत घेतले तर त्याच पाण्यावर मासळीही मिळते. बांधाला भगदाड पडले की तेच पाणी शेत जाळते, आणि खारट झालेल्या जमिनीवर पुढे जे उगवते तेही वेगळेच असते. मोठ्या आतड्यात हा बांध म्हणजे श्लेष्माचा, अर्थात अस्तरावरील बुळबुळीत स्रावाचा, थर. निरोगी माणसात त्याच्या आतल्या पदरापर्यंत जिवाणू जवळपास पोहोचतच नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा पदर विरळ होतो आणि जिवाणू पेशींना भिडतात. त्यामुळे तुमचे डॉक्टर आणि तुमचे नातलग वस्तुतः एकाच घटनेची दोन टोके सांगत आहेत. प्रतिकारशक्ती उलटते हे खरे, पण ती प्रामुख्याने आतड्यातील जिवाणूंवर उलटते आणि त्या चकमकीत आतडे सोलवटून निघते.

आता परिणामाची बाजू. निरोगी मोठ्या आतड्यात ऑक्सिजन अत्यल्प असतो आणि तेथील बहुसंख्य जिवाणूंना तो सोसतही नाही. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा त्यांपैकी एक. तो चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे ते मुख्य इंधन असते. शस्त्रक्रियेनंतर ज्या क्रोन्स रुग्णांत विकार परतला त्यांच्यात हा जिवाणू कमी होता, हे फ्रेंच संशोधकांनी २००८ साली दाखवले. परंतु दाह झाला की आतड्यात ऑक्सिजन आणि नायट्रेट वाढतात, आणि त्यांचा फायदा ई. कोलायच्या कुळाला मिळतो. म्हणजे दाहामुळेच जिवाणूंची वस्ती बदलते आणि बदललेली वस्ती दाह पोसत राहते. रोग जडल्यानंतर घेतलेल्या एका नमुन्यावरून यातले आधी काय घडले हे सांगता येत नाही. क्रोन्स रुग्णांच्या निरोगी नातलगांना वर्षानुवर्षे पाहणाऱ्या एका अभ्यासात मात्र, पुढे ज्यांना विकार झाला त्यांच्या जिवाणूंची घडण आधीपासूनच वेगळी होती, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. म्हणून माझे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. मात्र जिवाणू ही या विकाराची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा हा भेद अधिक सांगायला नको.

साष्टीकर

बार्देसकर सरांनी सिद्धांत मांडला आहे, मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. मला क्रोन्स आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसले तेव्हा मला प्रथम क्षयाची औषधे देण्यात आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आपल्या देशात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही इतके सारखे दिसतात की, खात्री होईना तर क्षयाचे औषध देऊन व्रण भरतात का हे पाहण्याची रीत आहे. उलट क्षय असताना स्टेरॉइड दिले गेले तर अनर्थ ओढवू शकतो. मुद्दा असा की, व्रणामागे जंतू आहे की नाही हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. तो प्रत्येक डॉक्टरला टेबलावर सोडवावा लागतो.

ताई, त्या घरपोच विष्ठातपासणीविषयी. मी ती करून घेतली आहे. अहवाल गुळगुळीत, पानोपान रंगीत वर्तुळे, प्रत्येक जिवाणूपुढे हिरवी, पिवळी किंवा तांबडी पट्टी, आणि शेवटच्या पानावर गहू, दूध, वांगे, चणाडाळ टाळण्याची सूचना व त्याच कंपनीच्या पुड्यांची किंमत. माझ्या पोटविकारतज्ज्ञांनी तो शांतपणे चाळला, बाजूला ठेवला आणि कॅलप्रोटेक्टिन किती आले आहे ते विचारले. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतील प्रथिन विष्ठेत मोजले की आतड्यात दाह किती आहे याचा अंदाज येतो आणि त्यावर औषधाचा निर्णय घेता येतो. जिवाणूंच्या यादीवर असा एकही निर्णय घेता येत नव्हता. तांबड्या पट्टीवरचा जिवाणू कमी करणारे औषध नाही आणि हिरवा नेमका किती असायला हवा याचे सर्वमान्य माप नाही. वांगे सोडल्याने काय झाले म्हणाल, तर घरच्यांना खतखत्यात (मिश्र भाजीत) काय घालावे हा नवा प्रश्न पडला, एवढेच.

बार्देसकर

साष्टीकरांच्या अनुभवाला एक शास्त्रीय आधार जोडतो. अमेरिका आणि कॅनडात, औषध सुरू होण्यापूर्वीच्या क्रोन्सग्रस्त मुलांचा मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आतड्याच्या अस्तराच्या तुकड्यांत जिवाणूंचा जो बदल स्पष्ट दिसला, तो विष्ठेच्या नमुन्यात तितकासा दिसला नाही. विष्ठा म्हणजे अस्तर नव्हे. त्याच अभ्यासात ज्या मुलांना निदानाच्या सुमारास प्रतिजैविके मिळाली होती त्यांची वस्ती आणखी बिघडलेली आढळली. संशोधनासाठी अशा तपासण्या अमोल आहेत. घरगुती निर्णयासाठी पैसे घालवण्यासारख्या त्या आज तरी नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसवाडीतील आहारतज्ज्ञ

नमस्कार ताई. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि चोथ्याचा तुमचा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या काळासाठी. रक्त पडत असताना, दिवसातून अनेकदा जावे लागत असताना किंवा आतडे अरुंद झाले असेल तर कोंडा, सालपटे, बिया आणि कच्च्या भाज्या कमी कराव्या लागतात, कारण त्याने कळा आणि घाई वाढते. विकार शांत झाला की मात्र चोथा हळूहळू परत आणायचा असतो. पुष्कळ जण ही दुसरी पायरी चढतच नाहीत. एकदा घाबरून भाजी सोडली की वर्षानुवर्षे पांढरा पाव आणि चहा यांवर राहतात. उंदरांवरील एका प्रयोगात (२०१६) चोथा पूर्ण काढून घेतल्यावर जिवाणूंनी आतड्याचा श्लेष्माच खायला सुरुवात केली आणि तो पातळ झाला, असे दिसले. तो प्रयोग उंदरांवरचा असला तरी दिशा दाखवणारा आहे.

तुमच्या घरचा आहार बदलण्याची फारशी गरज मला दिसत नाही. उकड्या तांदळाची पेज त्रासाच्या दिवसांतही बहुतेकांना सोसते, कारण ती मऊ असते, पाणी आणि मीठ देते आणि पोटाला जड होत नाही. उकडा तांदूळ शिजवून थंड झाला की त्यातील काही स्टार्च लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणू त्यापासून ब्युटिरेट बनवतात. आदल्या रात्रीचा भात सकाळी खायचा असेल तर तो झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. पावसाळ्यात ओट्यावर राहिलेल्या भातात वाढणारे जंतू कोणाच्याही पोटाला चांगले नव्हेत. पोईत कोंडा असतो, तेव्हा सध्या तिच्याऐवजी भात बरा. घाई गेल्यावर अर्ध्या पोईपासून सुरुवात करावी. तांबड्या भाजीची देठे काढून नुसती पाने शिजवा, भोपळा, दुधी, सोललेला दोडका द्या. हुमण खाऊ द्या, तिखट कमी करा. त्याच्या वयाच्या मुलाचे रक्त गेलेले आहे, त्यामुळे मासे आणि अंडी बंद करणे ही चूक ठरेल. लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतलेले चांगले.

दह्या-ताकाविषयी सांगायचे तर दूध बाधत नसेल तर दही खुशाल द्यावे, पण अन्न म्हणून द्यावे, औषध म्हणून नव्हे. प्रोबायोटिकच्या बाबतीत सर्व पुड्या एका मापाने मोजता येत नाहीत. ई. कोलाय निस्ल नावाचा एक निरुपद्रवी वाण आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आजूबाजूचे सैनिक जुलाबाने आजारी पडत असताना ज्या सैनिकाला काही झाले नाही, त्याच्या विष्ठेतून आल्फ्रेड निस्ल यांनी तो वेगळा केला होता. शांत झालेला अल्सरेटिव्ह कोलायटिस तसाच राखण्यात हा वाण मेसालामाईनच्या जवळपास उतरला, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत दिसले. आठ वाणांच्या एका मिश्रणाचा उपयोग लुधियानाच्या डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम विकारात २००९ साली दाखवला होता. तरीही सर्व पुरावा एकत्र पाहून अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली या दोन्ही विकारांत प्रोबायोटिक केवळ संशोधनाच्या चौकटीतच वापरावे असे म्हटले. क्रोन्समध्ये तर त्यांचा उपयोग दिसलेलाच नाही. औषधाच्या दुकानात मागितल्यावर जी कुपी किंवा पुडी हातात येते तिच्यात हे चाचणीतले वाण बहुधा नसतातच, हेही लक्षात ठेवावे.

आहाराने जिवाणू बदलून दाह शमवता येतो याचे सर्वांत पक्के उदाहरण क्रोन्समधील आहे. लहान मुलांना सहा ते आठ आठवडे इतर काहीही न देता केवळ तयार पोषक पेयावर ठेवले, तर स्टेरॉइडशिवाय विकार आटोक्यात येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हाच उपाय तसा लागू पडत नाही. एका विकाराचा उपाय दुसऱ्याला लावण्याचा मोह म्हणूनच टाळावा. पाकीटबंद खाद्यपदार्थांतील काही मिश्रणकारके, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे घटक, उंदरांत श्लेष्माचा थर बिघडवतात असे २०१५ साली दिसले. वसतिगृहात राहणारा मुलगा असेल तर मी त्याच्या कपाटातील पाकिटांची चौकशी आधी करीन आणि आईच्या पेजेची नंतर.

पेडणेकर

एवढी सगळी चर्चा वाचली. मला एक कळत नाही. वस्ती बिघडली आहे हे मान्य, एकेक पुडी पुरत नाही हेही मान्य. मग निरोगी माणसाची अख्खी वस्तीच उचलून रुग्णाच्या आतड्यात का सोडू नये? क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूच्या जुलाबात या उपायाने बहुतेक रुग्ण बरे होतात असे मी वाचले आहे. घरी करण्याच्या पद्धतीही लोक सांगतात. ताईंच्या नातलगांचे म्हणणे इतके हसण्यावारी नेण्यासारखे आहे का?

पोटविकार विभागातील निवासी डॉक्टर

पेडणेकरांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. विष्ठा प्रत्यारोपण हा उपचार खरा आहे, पण दोन रोगांत त्याचे फळ इतके वेगळे का मिळते ते समजून घ्यावे लागेल. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा आजार प्रतिजैविकांनी वस्ती उजाड झाल्यामुळे होतो. तेथे वस्ती परत बसवणे म्हणजे मूळ दोष दूर करणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ आणि २०२३ मध्ये विष्ठेपासून बनवलेली दोन उत्पादने मान्य केली ती याच आजाराची पुनरावृत्ती टाळण्यासाठी. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतड्याचे अस्तर आणि प्रतिकारशक्ती पूर्वीसारखीच राहते, त्यामुळे नवी वस्ती जुन्याच भांडणात येऊन पडते.

चाचण्यांचे आकडे पाहा. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्यारोपण मिळालेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा विकार शमला, बनावट उपचार मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांचा. २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत हे प्रमाण ३२ आणि ९ टक्के होते. नेदरलँड्सच्या २०१५ च्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे काहींना उपयोग होतो, बहुसंख्यांना होत नाही, आणि कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधील चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्रामीण भागातील निरोगी दात्यांच्या विष्ठेचे प्रत्यारोपण आणि दाह कमी करणारा आहार यांची जोड देण्यात आली होती आणि सौम्य ते मध्यम विकारात नेहमीच्या उपचारांपेक्षा ती सरस ठरली. सूक्ष्मजीव आणि त्यांचा आहार एकत्र बदलण्याची ही कल्पना मला सर्वांत आशादायक वाटते. परंतु ती छोटी चाचणी होती आणि उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता.

घरगुती पद्धतीविषयी मात्र मी कठोर शब्द वापरीन. २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय रुग्णाच्या शरीरात गेला आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेला तो रुग्ण दगावला. तो प्रकार वैद्यकीय संशोधनात, प्रशिक्षित लोकांच्या हातून घडला. आपल्या देशात धडधाकट माणसांच्या आतड्यातही असे जंतू पुष्कळदा असतात. मिक्सरमध्ये नातलगाची विष्ठा घोळवणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग नाही.

ताईंनी विचारले होते की या उत्तराने उपचारात फरक पडतो का. एका बाबतीत तो फार पूर्वीपासून पडलेला आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सल्फासॅलाझिन हे औषध स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी साधारण १९४०च्या सुमारास प्रथम सांधेदुखीसाठी वापरात आणले. ती गोळी लहान आतड्यातून बव्हंशी तशीच पुढे जाते आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूच तिचा बंध तोडून तिच्यातील मेसालामाईन मोकळे करतात. जिवाणू नसतील तर ते औषध चालणारच नाही. तुमच्या मुलाच्या गोळीत मेसालामाईन आधीच मोकळे असते आणि वरचे आवरण आतड्यात ठरावीक ठिकाणी विरघळते, म्हणून ती चावून किंवा कुटून घ्यायची नसते. उलटही घडते. काही जिवाणू मेसालामाईनवर प्रक्रिया करून ते निष्प्रभ करतात, असे २०२३ साली दिसून आले. एकच औषध दोघांना वेगळे का लागू पडते याचा एक भाग त्यात असावा. तोंडाने गोळी आणि खालून एनिमा अशी जोड डाव्या बाजूच्या विकारात एकट्या गोळीपेक्षा सरस ठरते. मुले एनिमा कंटाळून प्रथम सोडतात, तेवढे लक्ष ठेवा. रक्त थांबले म्हणजे अस्तर भरले असे नव्हे. काही आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन करून पाहिले म्हणजे उरलेली घाई दाहाची आहे की नुसत्या हळव्या झालेल्या गुदाशयाची, हे ठरवता येईल.

अंत्रुजकरीण

सर्वांची मनापासून आभारी आहे. आवश्यक अट आणि पुरेशी अट हा भेद मी नातलगांनाही लिहून पाठवला आहे. तपासणीचा बेत रद्द केला. ते पैसे कॅलप्रोटेक्टिनला वापरू. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मुलाला दाताचा त्रास आहे आणि दंतवैद्य प्रतिजैविक देण्याची शक्यता आहे; वस्ती बिघडेल म्हणून ते नाकारावे का? आणि माझ्या मोठ्या मुलीला काहीही त्रास नाही, तिची कोलोनोस्कोपी करून घ्यावी का?

साष्टीकर

दाताला पू झाला असेल तर प्रतिजैविक नाकारू नका, ताई. माझ्या गुदद्वाराजवळ गळू झाले तेव्हा ते कापून पू काढल्यावर मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यावे लागले. तोंडाला सतत धातूची चव येत असे, पण त्यावाचून गत्यंतर नव्हते. फक्त साध्या सर्दी-तापाला कोणी सवयीने लिहून दिले तर गरज आहे का, हे विचारण्याचा संकोच करू नये.

पोटविकार विभागातील निवासी डॉक्टर

साष्टीकरांशी सहमत आहे. दंतवैद्यांना विकाराची आणि चालू औषधांची कल्पना द्या. दाताच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामके सर्रास दिली जातात, आणि काही रुग्णांत त्यांनी विकार उफाळतो, म्हणून पॅरासिटामॉल मागून घ्या. प्रतिजैविक झाल्यानंतर पुन्हा जुलाब किंवा रक्त सुरू झाले तर तो विकारच उलटला असे गृहीत धरून मेसालामाईनची मात्रा घरी वाढवू नका आणि उरलेले स्टेरॉइड तर मुळीच सुरू करू नका. अशा वेळी विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे विष आणि इतर संसर्ग आधी तपासावे लागतात. लक्षणे अगदी सारखी असतात, उपचार मात्र वेगळे.

मुलीला काही त्रास नसेल तर तिची कोलोनोस्कोपी करण्याचे कारण नाही. सख्ख्या भावंडांत धोका इतरांपेक्षा अधिक असतो हे खरे, पण बहुतेक भावंडांना हा विकार होत नाही. रक्त पडणे, काही आठवडे चालणारे जुलाब किंवा कारणाशिवाय वजन घटणे असे काही दिसले तर मूळव्याध म्हणून वाट न पाहता दाखवावे आणि घरात भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे हे पहिल्याच भेटीत सांगावे.